निळ्या पताकांखालच्या कोंबड्या

आमच्या घरात शत्रू नेहमी वर असायचा. पत्रकांत तसंच लिहिलेलं असायचं: वरचा साहेब, वरून आलेला हुकूम, वरून लादलेल्या रूढी. अप्पा हुबळीजवळ तारिहाळच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं लिहायचे. कधी कामगारांसाठी, कधी आमच्या गल्लीतल्या बुद्धविहारासाठी, कधी नुसती नळाला पाणी येत नाही म्हणून. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या प्रूफांवर. बाकीच्या मुली पाटीवर घर, बदक, नळ लिहीत होत्या तेव्हा मला ‘जाहीर निषेध’ न अडखळता वाचता येत होतं. त्यामुळे घारीनं आमचं पहिलं पिल्लू उचललं तेव्हा मला राग आला, वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. शत्रू अपेक्षेप्रमाणे वरूनच आला होता.

कोंबड्या आल्या त्या आईच्या खोकल्यामुळे.

आई वर्षानुवर्षं अमरगोळच्या मार्केट यार्डात मिरचीच्या कामाला जायची. ब्याडगी मिरचीचे डोंगर पडलेले असतात, त्यांच्याभोवती बायका बसतात आणि देठ खुडतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत देठ. तोंडाला बांधायला स्वतःच्या घरून आणलेला पंचा, बसायला रिकामं पोतं. व्यापाऱ्याच्या गादीवर पंखा असतो, बायकांच्या डोक्यावर पत्रा. त्या मिरचीचा लाल रंग म्हणे साऱ्या जगात जातो. आईच्या छातीत काय गेलं ते कुणी विचारलं नाही. घरी आल्यावर ती हात कितीही वेळा धुतले तरी माझ्या तोंडाला लावायची नाही. लहानपणी मला वाटायचं, आयांनी मुलांच्या गालाला हात लावायचा नसतो, अशीच पद्धत असेल.

गेल्या हंगामाच्या शेवटी तिचा खोकला थांबेना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा मिरचीत बसायचं नाही. आई हो म्हणाली. पण हो म्हणून घर चालत नाही. अप्पांच्या कारखान्यात काम कमी झालं होतं, महिन्यातला बराच वेळ ते घरीच असायचे. मी धारवाडला एम.ए. करत होते, म्हणजे वाद घालायला भरपूर आणि घरात द्यायला काही नाही.

तारिहाळच्या पलीकडे, रस्त्याला लागून, आईच्या वडिलांनी तिच्या नावावर करून दिलेला जमिनीचा तुकडा होता. एरी म्हणतात ती काळी माती, एक लिंब, पत्र्याची एक खोली. शेजारच्या शेताचे मालक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, तो तुकडा खंडानं मागत होते. अप्पांना ते पटत होतं. शेतीवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या मते आपल्या माणसांनी गाव सोडला तो काही परत मातीत जायला नाही.

“खंड येणार वर्षातनं एकदा,” आई म्हणाली. “तोवर मी मिरचीलाच जायचं न्हवं?”

मग आईनंच ठरवलं. कोंबड्या पाळायच्या. मिरचीचा हंगाम संक्रांतीनंतर जोर धरतो. तोवर कोंबड्या टिकल्या आणि अंड्यावर आल्या तर तिनं मिरचीच्या टेम्पोत पाय ठेवायचा नाही. नाही टिकल्या, तर जमीन अण्णांना खंडानं आणि आई पुन्हा अमरगोळला. हे सगळं तिनं भाकरी थापता थापता सांगितलं. कुठलाही ठराव आमच्या घरात इतक्या कमी शब्दांत मंजूर झाला नव्हता.

पाऊस सरत आला तेव्हा धारवाडहून गिरिराज जातीची चाळीसेक पिल्लं आणली. सुभाष रोडवरच्या दुकानातून मी जाळी घेतली आणि तिचं भेंडोळं मांडीवर घेऊन बसनं आले. आई आणि मी पत्र्याच्या खोलीत राहायला गेलो. अप्पा हुबळीहून ये-जा करायचे. एका पुस्तिकेत मी वाचलं होतं की जाळी जमिनीत हातभर पुरावी. मग आम्ही चर खणला. माती लोण्यासारखी ओली होती, कुदळ अलगद जायची. जाळी उभी पुरली, माती ओढली, पायानं दाबली. आत कोंबड्यांना हिंडायला मोकळं आवार, एका कडेला बसायला खुराडं. आवाराला छत केलं नाही, कारण तेवढी जाळी उरली नव्हती.

घार आली ती तिथून.

सकाळची वेळ होती. आई कोंडा कालवत होती. एक सावली अंगावरून गेली, पिल्लं एकदम फुटली, आणि आईच्या पायापासून वावभर अंतरावरून एक तांबडं पिल्लू वर गेलं. आईनं कोंड्याची परात फेकली. परात लिंबावर आपटली. घार तोवर अण्णांच्या विहिरीवर पोचली होती.

“ही सरळ सरळ दरोडेखोरी आहे,” मी ओरडले. “दिवसाढवळ्या!”

“मग पत्रक काढ,” आई परात उचलत म्हणाली. “घार वाचेल न वाचेल, तुझं मन तरी शांत होईल.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक गेलं. त्यानंतर आईनं पिल्लं खुराड्यातच कोंडली, आणि ती आत एकमेकांना टोचायला लागली. अप्पा आले, त्यांनी आवाराकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, सायकल वळवली आणि संध्याकाळी कॅरिअरला एक पोतं बांधून परत आले. पोत्यात विहाराच्या माळ्यावरच्या पताका होत्या. एप्रिलमधल्या जयंतीला आमच्या गल्लीभर ज्या बांधतात त्या. निळ्या, तिकोनी, सुतळीत ओवलेल्या, गुंता झालेल्या.

“कमिटीला विचारलंत?” मी म्हटलं.

“विचारलं. अध्यक्ष म्हणाले, जयंतीच्या आधी धुऊन आणून द्या. आणि उद्घाटनाला बोलवा.”

आम्ही तिघांनी बसून गुंता सोडवला. अप्पांनी लिंबापासून बांबूपर्यंत आणि बांबूपासून खोलीच्या पत्र्यापर्यंत दोऱ्या ताणल्या. दोन दोऱ्यांमध्ये घारीचे पंख उघडणार नाहीत एवढंच अंतर ठेवायचं, हा त्यांचा हिशोब. कारखान्यात पत्रा कापताना माप घेतात तसं ते हातानं माप घेत होते. वारा सुटला आणि सगळं आवार फडफडायला लागलं. पिल्लं पहिल्यांदा घाबरून लिंबाच्या बुंध्याला चिकटली, मग त्यांना सवय झाली.

घार आली. घिरट्या घातल्या. खाली झेपावली, आणि पताकांच्या वर, अगदी माणसाच्या हाताला येईल एवढ्यावर, तिनं पंख पसरून स्वतःला थांबवलं. खाली उतरायला वाट नव्हती. एक शीळ घातल्यासारखा आवाज काढून ती निघून गेली. मी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी मूठ वर केली. आई म्हणाली, “झालं? आता पाणी आणा.”

त्या दिवशी दुपारी अण्णा बांधावर येऊन उभे राहिले. पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल. ते कन्नडमध्ये बोलायचे, आम्हीही कन्नडमध्येच उत्तर द्यायचो, मध्येच मराठी घुसायची.

“काय री, इथं पुतळा बसवणार काय?” त्यांनी विचारलं.

अप्पांचा चेहरा उजळला. अशा प्रश्नाची ते जन्मभर वाट बघत असतात. पण आईनं त्यांना बोलूच दिलं नाही.

“कोंबड्या बसवल्यात, अण्णा.”

“मग निळं कशाला?”

“घरात तेवढंच होतं. तुमच्याकडं दुसऱ्या रंगाचं असलं तर द्या. घारीला रंग कळत नाही.”

अण्णा हसले नाहीत. म्हणाले, “अक्का, कोंबड्या टिकायच्या नाहीत इथं. मी सांगतो. जमीन खंडानं द्या, निवांत बसा.”

मी तोंड उघडणार होते. निवांत बसा म्हणजे काय? आमची माणसं स्वतःच्या जमिनीवर उभी राहिली की लोकांना आमच्या विश्रांतीची काळजी का वाटायला लागते? पण आईनं माझ्याकडे बघितलं आणि मी ते सगळं गिळलं. नोव्हेंबरात कन्नड राज्योत्सव झाला, गावात त्याच्या पताका लागल्या. त्यानंतर एका सकाळी बघते तर अण्णांच्या जोंधळ्यावर लाल-पिवळ्या पताका फडफडत होत्या. जोंधळा कणसात आला होता, पोपट पडत होते.

“वाऱ्यानं तुटलेल्या होत्या,” अण्णा बांधापलीकडून म्हणाले. “टाकून कशाला द्यायच्या?”

“बरोबर आहे,” आई म्हणाली, आणि खोलीत जाऊन पोटभर हसली. हसता हसता खोकली, पण हसली.

घार संपली. पिल्लांच्या कोंबड्या व्हायला लागल्या. काळ्या, तांबड्या, कवडी. मग डिसेंबरात आतून कोंबड्या जायला लागल्या.

हे मला आजही सांगताना चीड येते. दार बंद, जाळी शाबूत, वर पताका, आणि भर दिवसा एक कोंबडी नाही. खुराड्यामागे मूठभर पिसं. दोन दिवसांनी आणखी एक. मग एकाच दिवशी दोन, त्यातली एक अर्धवट टाकून दिलेली. आईनं ती उचलली आणि बराच वेळ हातात धरून बसली.

“हे माणसाचं काम आहे,” अप्पा म्हणाले.

“नक्कीच,” मी म्हणाले. आम्हा दोघांच्या नजरा एकाच वेळी बांधाकडे गेल्या.

“माणूस पिसं इथं टाकून जाईल?” आई म्हणाली. “तुम्हा दोघांना प्रत्येक ठिकाणी माणूसच लागतो का ओ? जरा जनावरावर पण संशय घ्या की.”

अण्णांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, मुंगूस. त्यांच्याकडे दोन उपाय होते. एक, पिठाच्या गोळ्यात विष घालून बांधावर टाकायचं. दुसरा, शिवेवरच्या देवीला एक कोंबडा द्यायचा, म्हणजे बाकीच्या सुखरूप राहतील.

“एक वाचवायला एक कापायची?” आई म्हणाली. “मुंगूस पण तेच मागालंय, अण्णा. मग देवीत आणि त्याच्यात फरक काय?”

“हौद्री, खरं आहे, पण देवी एकच मागते.”

“आणि दर वर्षी मागते.”

विषालाही आई नाही म्हणाली. अप्पा पंचशील म्हणतात ते विहारात, आई म्हणते ते चुलीपाशी, पण जीव मारणार नाही हे पहिलं वाक्य तिच्यासाठी नुसतं म्हणायचं नव्हतं. “गोळा मुंगूसच खाईल असं कुणी लिहून दिलंय? कुत्रं खाईल, कावळा खाईल, एखादं पोर खेळायला घेईल.” मी म्हटलं, निदान मिरचीची पूड टाकू सगळीकडे, त्या वासानं मुंगूस येणार नाही. आई माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, पण मी एक पाऊल मागे गेले.

“मिरची या जागेत आणायची नाही. कशालाच नाही.”

त्याच आठवड्यात मुकादमबाईंचा फोन आला. अमरगोळच्या बायकांची टोळी त्याच चालवायच्या. संक्रांत झाली की टेम्पो याच रस्त्यानं जाणार, तुझ्या शेतापाशी थांबवते, तयार राहा. आई नुसती “बरं, बरं” म्हणत होती. फोन ठेवल्यावर अप्पा हळूच म्हणाले, “अण्णांना होय म्हणूया का? जमीन तरी पडून राहायची नाही.”

मी भडकले. मिरची, मुकादम, व्यापारी, खंड, सगळ्यावर एकदम बोलले. मी चांगलं बोलते, सभेत बोलले असते तर लोक उभे राहिले असते. पण माझं भाषण चालू असताना आई उठली, ट्रंकेतून तिचा मिरचीचा पंचा काढला, बादलीत भिजवला, पिळला आणि दोरीवर टाकला. त्या पंच्याच्या कडा कितीही धुतल्या तरी तांबूस राहायच्या. वर निळ्या पताका आणि त्यांच्याखाली तो पंचा. माझं भाषण तिथंच थांबलं.

दुसऱ्या सकाळपासून मी विद्यापीठात गेले नाही. बादली पालथी घालून आवाराच्या मधोमध बसले. ठरवलं की डोळ्यांनी बघितल्याशिवाय उठायचं नाही. कोंबड्यांना माझा कंटाळा आला, त्या माझ्या चपला टोचून बघायच्या आणि निघून जायच्या. दुपार झाली. ऊन इतकं स्वच्छ होतं की पताकांच्या सावल्या जमिनीवर तिकोनी पडल्या होत्या आणि हलत होत्या. आणि मग एक कवडी कोंबडी मान उंच करून ओरडली. सगळ्या थांबल्या.

जाळीच्या आत, माझ्यापासून चार पावलांवर, जमिनीतून एक नाक वर आलं.

नाक, मग लालसर डोळे, मग लहान कान. मातीतून उगवल्यासारखं. मुंगसानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. इतक्या पत्रकांत इतक्या शत्रूंना मी धिक्कारलं होतं, पण त्यातल्या एकाशीही अशी नजरानजर झाली नव्हती. मग मी किंचाळले. आई काठी घेऊन धावली, आणि ते डोकं आलं तसं खाली गेलं.

आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून बघायला लागलो. एरी माती वाळली होती. पावसात फुगलेली माती आता आखडली होती, जागोजाग भेगा, काही इतक्या रुंद की हात जाईल. आणि सगळ्यात मोठी भेग कुठं होती? आमच्या जाळीला लागून. ज्या चरात आम्ही जाळी पुरली, तिथंच मातीनं दोन्हीकडून अंग काढून घेतलं होतं. जाळी भेगेत नुसती उभी होती, जसं सैल हिरडीत दात उभा असतो. मुंगसाला खणायचीही गरज नव्हती. बाहेरच्या भेगेतून खाली, जाळीच्या टोकाखालून, आतल्या भेगेतून वर. आम्ही स्वतःच्या हातानं त्याचा जिना बांधून दिला होता.

“आपण वरच बघत राहिलो,” मी म्हणाले.

“तू बघत होतीस,” आई म्हणाली. “मी कोंडा कालवत होते.”

अप्पा आले तेव्हा मी त्यांना भेग दाखवली. त्यांनी भेगेत हात घातला. खांद्यापर्यंत घातला. हात बाहेर काढून झटकला आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर पत्रक लिहिणारा माणूस दिसला नाही, मशीनवर उभा राहणारा दिसला.

“खोल जाऊन उपयोग नाही,” ते म्हणाले. “कितीही खोल पुरा, ही माती दर वर्षी उघडणार. आडवं जायचं.”

त्यांच्या कारखान्यात पत्र्याच्या पट्ट्यांतून गोल चकत्या कापून काढतात. चकत्या कामाच्या, उरलेली पट्टी भंगाराची. भोकाभोकांची लांबच लांब पट्टी, एका भोकातून फार तर बोट जाईल. अप्पांनी मालकाशी बोलून त्या पट्ट्या भंगाराच्या भावानं उचलल्या आणि रविवारी टेम्पोत घालून आणल्या. त्यांच्याबरोबर त्यांचे दोन सोबती आले, तेही प्रेसवरचेच. पट्ट्या जाळीच्या पायथ्याला तारेनं बांधायच्या आणि बाहेरच्या बाजूला जमिनीवर सपाट पसरायच्या, अंगणात चटई घालतात तशा. चटई हातभर नव्हे, चांगली दोन हात रुंद. जाळीपाशी येऊन खाली शिरायला बघणाऱ्याला खाली पत्राच लागला पाहिजे. भेगा पडू देत कितीही, पत्र्याला त्याचं काय? वरून मुरूम टाकायचा, म्हणजे पत्रा उठणार नाही.

मुरूम कुठून आणायचा हा प्रश्न होता. अण्णांच्या विहिरीपाशी ढीग पडला होता. मी विचारायला गेले. मान ताठ ठेवून गेले.

“कशाला पाहिजे?” त्यांनी विचारलं.

“मुंगसासाठी.”

“मुंगूस मुरमाला भितंय होय?” असं म्हणून ते हसले, पण घमेलं त्यांनीच काढून दिलं. मग थोड्या वेळानं बांधावर येऊन उभे राहिले. मग बांध ओलांडून आत आले. मग टॉवेल डोक्याला गुंडाळून पत्र्याचं एक टोक धरलं, कारण अप्पांचा एक सोबती चुकीच्या बाजूनं ओढत होता आणि ते त्यांना बघवेना. संध्याकाळपर्यंत आवाराच्या चारी बाजूंना मुरमाचा पट्टा झाला. लोकांची बोटं कापली होती, पाठी मोडल्या होत्या, आणि अप्पा असे हिंडत होते की जणू संप यशस्वी झाला आहे.

मुंगूस लगेच आलं नाही. आलं ते दोन-तीन दिवसांनी, आम्ही तिघं लिंबाखाली जोंधळ्याची भाकरी आणि बिनतिखटाची शेंगाचटणी खात होतो तेव्हा. बांधावरून उतरलं, नेहमीच्या जागी गेलं, नेहमीच्या भेगेवर थांबलं. भेग नव्हती, मुरूम होता. त्यानं पंजानं उकरलं. मुरूम सरकला, खाली पत्रा वाजला. ते दचकून मागे झालं. पुन्हा पुढे. पुन्हा उकरलं. करकर असा आवाज यायचा आणि आमचे घास हातातच राहायचे. आत कोंबड्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या.

मग ते कडेकडेनं निघालं. एक बाजू झाली. कोपऱ्यावर थांबून त्यानं जोर लावला. पत्रा हलला नाही. दुसरी बाजू, दार, तिसरी बाजू. आम्ही बसल्या जागी माना फिरवत होतो. पूर्ण फेरी घालून ते पुन्हा पहिल्या जागी आलं, मागच्या दोन पायांवर उभं राहिलं आणि आवाराकडे बघत राहिलं.

“जा आता,” आई त्याला म्हणाली. “वाचलंस न्हवं पत्रक?”

मुंगूस गेलं. बांधावरून अण्णांच्या जोंधळ्यात, तिथं उंदीर भरपूर होते. अण्णांनी नंतर कबूल केलं की त्यांच्या शेतात त्या वर्षी उंदीर कमी झाले. अप्पांनी भाकरीचा तुकडा वर धरून घोषणा दिली. मी त्यांना साथ दिली. आईनं चटणी पुढे सरकवली, पण तिचे डोळे भरले होते आणि ते मिरचीनं नव्हते.

त्यानंतर एकही कोंबडी गेली नाही. पण अंडंही नव्हतं. संक्रांत आली. बायका तिळगूळ घेऊन रस्त्यानं जात होत्या आणि आमच्या कोंबड्या नुसत्या तुरे लाल करून हिंडत होत्या. दोन दिवसांनी सकाळी रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. मी दोरीकडे बघितलं. पंचा तिथं नव्हता. आईच्या खांद्यावर होता.

मी तिच्या मागं मागं रस्त्यापर्यंत गेले. टेम्पोत ओळखीच्या बायका दाटीनं बसल्या होत्या, सगळ्यांच्या गळ्यात पंचे. पुढच्या सीटवरून मुकादमबाईंनी डोकं बाहेर काढलं.

“चल गं, चढ. जागा धरून ठेवलीय.”

“अंडी आली नाहीत अजून,” आई म्हणाली.

“म्हणून तर म्हणते, चढ.”

“अंडी आली नाहीत, पण कोंबडी एक पण गेली नाही. घार बघून गेली, मुंगूस बघून गेलं. आता अंडं कुठं जाणार आहे? त्याला यावंच लागतंय.” मग ती म्हणाली, “मी येत नाही.”

मुकादमबाई चिडल्या. “कोंबड्या पाळून कोण मोठं झालंय गं? पुढच्या महिन्यात येशील पाय धरायला, तेव्हा जागा नसेल.”

“मग त्या जागेवर पाय पसरून बसा,” आई म्हणाली. “निवांत.”

मागच्या बाजूनं कुणीतरी खळखळून हसलं. टेम्पो गेला. आईनं खांद्यावरचा पंचा काढला, झटकला आणि मला म्हणाली, “सवयीनं घेतला होता गं. हॉर्न वाजला की हात आपोआप तिकडं जातोय.” आयुष्यात मी पुष्कळ भाषणं ऐकली, काही चांगली होती. आईचं ते ‘मी येत नाही’ त्या सगळ्यांच्या वरचं होतं, आणि ऐकायला फक्त एक टेम्पो होता.

पहिलं अंडं त्या कवडी कोंबडीनं दिलं, जिनं मुंगसाला पाहून आरोळी ठोकली होती. लहान, फिकट तपकिरी, एका बाजूला रक्ताचा बारीक ठिपका. तिनं सगळं शिवार डोक्यावर घेतलं. अण्णा बांधावर आले, अंडं हातात घेऊन उन्हात धरून बघितलं आणि परत देत म्हणाले, “लहान आहे.” मग जाता जाता, “आमच्याकडं सून बाळंत झालीय. जमतील तशी पाठवा.” खंडाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी. महिना संपेपर्यंत टोपली भरायला लागली. अप्पांनी गुलाबी कागदावर, लाल शाईनं, त्यांच्या नेहमीच्या ठळक अक्षरांत रस्त्याकडेला पाटी लावली. वर ‘जाहीर आवाहन’ असं लिहून त्यांनी ते खोडलं होतं. खाली फक्त दोन शब्द ठेवले: अंडी मिळतील. कन्नडमध्ये आणि मराठीत. अप्पांनी लिहिलेलं ते सर्वांत छोटं पत्रक, आणि ज्याचा परिणाम त्याच दिवशी दिसला असंही ते एकच.

मग एका सकाळी टेम्पो पुन्हा थांबला. हॉर्न न वाजवता. आई टोपली घेऊन रस्त्यावर गेली. टोपलीत गवताऐवजी तिनं तो पंचा अंथरला होता, चार पदरी, अंडी फुटू नयेत म्हणून. मागच्या बायकांनी हात पुढे केले. दुपारच्या भाकरीबरोबर खायला कुणी एक घेतलं, कुणी दोन, कुणी घरच्या पोरांसाठी परत येताना ठेवायला सांगितलं. वर्षानुवर्षं ज्यांच्या शेजारी ती खोकत बसली, त्या सगळ्या. शेवटी पुढची काच खाली झाली.

“मला पण सहा दे,” मुकादमबाई म्हणाल्या. मग टोपलीत वाकून बघितलं. “हा तुझा मिरचीचा पंचा न्हवं?”

“होता,” आई म्हणाली, आणि त्यांना निवडून मोठी सहा अंडी दिली.

टेम्पो वळणाआड गेला. आई तिथंच रस्त्यावर उभी होती, रिकामी टोपली कमरेला, डोक्यावरून पदर सरकलेला. ती वळली. मी तिच्याकडेच बघत फाटकापाशी उभी होते. तिनं जवळ येऊन माझ्या गालावर हात ठेवला, सबंध पंजा, आणि लगेच काढून घेऊन माझ्या मागे बघितलं.

“आवाराचं दार उघडं टाकून आलीस होय गं?”

मी धावले.